मंगळयानातला दोन किलोचा डबा

मी अंबड एमआयडीसीत एका फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे, त्यामुळे यूव्ही मशीन (नमुना किती अतिनील प्रकाश शोषतो ते मोजणारं) म्हणजे रोजचंच, क्युव्हेट, म्हणजे नमुन्याची पारदर्शक कुपी भरा, ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायचं वजा करायचं रीडिंग घ्या, मग नमुन्याचं रीडिंग घ्या. आमचं मशीन १९० नॅनोमीटर तरंगलांबीला थांबतं, त्याच्या खाली हवेतला ऑक्सिजनच प्रकाश खाऊन टाकतो. आणि हायड्रोजनची सगळ्यात ठळक रेषा (म्हणजे त्याचा अणू ज्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देतो-घेतो ती), लायमन अल्फा, ती बसलीये १२१.५६७ वर! म्हणजे आकाशातून येणारी ही रेषा जमिनीवरून दिसणारच नाही, यंत्र वरच न्यायला हवं.

त्यात ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनच पण एक न्यूट्रॉन जास्त असलेला, त्याची रेषा १२१.५३४ ला. फरक फक्त ०.०३३! आमच्या मशीनवर असल्या दोन रेषा वेगळ्या करायला सांगितल्या तर मी सरळ रजा टाकेन. मंगळावर गेलेल्या नासाच्या मेव्हन यानाने त्यासाठी प्रकाश बारीक फोडणारं खास एशेल ग्रेटिंग नेलं होतं, ठीक आहे, पैसा आहे त्यांच्याकडे.

पण २०१४ च्या सप्टेंबरमध्ये त्याच आठवड्यात आपलं मंगळयानही तिथे पोचलं, आणि त्यातला लायमन अल्फा फोटोमीटर, म्हणजे ही रेषा मोजणारा डबा, जेमतेम दोन किलोचा, ग्रेटिंगची भानगडच नाही. दोन गॅस सेल, एकात हायड्रोजन, दुसऱ्यात ड्युटेरियम, आत टंगस्टनची फिलामेंट. फिलामेंट बंद असली की गॅस रेणूंच्या रूपात असतो आणि लायमन अल्फा आरपार जाते, चालू केली की रेणू तुटून अणू होतात आणि ते नेमकी आपापली रेषा गिळतात. दोन रीडिंगची वजाबाकी केली की त्या त्या अणूचा प्रकाश हातात. अहो हे तर आमचं ब्लँकच झालं की!

एवढा खटाटोप पाण्यासाठी. मंगळावर ऊन वर गेलेल्या वाफेचे रेणू तोडतं, हलका हायड्रोजन पटकन निसटतो, ड्युटेरियम मागे रेंगाळतो. आपल्या समुद्रात साधारण ६,४०० हायड्रोजनमागे एक ड्युटेरियम, मंगळावर त्याच्या पाच-सहा पट, त्यावरून किती पाणी उडालं याचा अंदाज बांधतात. शुक्रावर तर शंभर पटीच्या वर, तिथलं काय बोलायचं.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणे, "मामा, मग मंगळावरचं पाणी जड, प्यायलं तर मरू का?" अरे, तरी ड्युटेरियम हजारात जेमतेम एक, काही होत नाही!