लाइट गेली का?

दांडिया बाजारातल्या एका भजनी मंडळानं मार्चमध्ये नेत्रतपासणी ठेवली होती. जागतिक काचबिंदू सप्ताह त्याच महिन्यात असतो, म्हणून विषयही तोच घेतला. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चष्म्याचा नंबर, डोळ्याचा दाब, टॉर्चनं बाहुली बघणं हे माझं काम. निदान डॉक्टर करतात.

बडोद्यात आपल्या मराठी घरांतूनही मोतीबिंदूला 'मोतिया' आणि काचबिंदूला 'झामर' म्हणतात. दोन्ही एकाच जातीचे, पिकले की काढून टाकायचे, असा समज पक्का. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच झिजते. बहुतेकांना दुखत नाही, आधी कडेचं दिसेनासं होतं, समोरचं मात्र बरेच दिवस नीट दिसतं. गेलेली नजर परत येत नाही.

मागच्या रांगेत पेटीवाले काका होते. वय ७१, बँकेतून निवृत्त. ते काकूंना सोडायला आले होते. "मला कशाला? रोज पेपर वाचतो मी," म्हणाले. काकूंनी हाताला धरून खुर्चीत बसवलं.

डावा डोळा झाकला, तर तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ घडाघड वाचली. मग उजवा झाकला. काका गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "लाइट गेली का?"

हॉलमधल्या सगळ्या ट्यूब चालू होत्या. डोक्यावर पंखा फिरत होता.

मी झाकण काढलं. "आली," म्हणाले. पुन्हा लावलं. "गेली." तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच तळहातानं उजवा डोळा झाकला आणि तसेच बसून राहिले. काकूंकडे बघावं असं मला तेव्हा वाटेना.

टॉर्च उजव्यावरून डावीकडे नेला. उजेड पडल्यावर बाहुली लहान व्हायला हवी; डावी उलट मोठी झाली. दाब डावीकडे ३४, उजवीकडे २७. सर्वसाधारणपणे तो १० ते २१ असतो. दोन वर्षांपूर्वी चष्मा करताना दुकानात त्यांना सांगितलं होतं, "डाव्याला थोडा मोतिया आहे, पिकू द्या." दाब कुणी मोजला नव्हता. काकांनी पिकू दिला. उजवा डोळा सगळं काम करत होता, त्यामुळे डाव्याचं दिसणं किती उरलंय हे त्यांना स्वतःलाही कळलं नाही. काकू म्हणाल्या, "डावा खांदा दाराला आपटायचा हो यांचा. मांडवीत एकदा स्कूटरही घासून गेली. धांदरट झालात म्हणून मीच बोलायचे." त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मला आधी त्यांनाच सांगावं लागलं, यात तुमची काही चूक नाही.

त्या दिवशी उरलेल्या प्रत्येकाला मी एकेक डोळा आळीपाळीनं झाकून खिडकीचे गज बघायला लावले. दोन्ही उघडे ठेवले की चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. गज वाकडे किंवा मधे तुटलेले दिसले, तर डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, मध्यभागाचा विकार असू शकतो. उतारवयात तोही होतो, आणि त्यातल्या एका प्रकारात दिवस वाया घालवून चालत नाही. एका आजींना गज वाकडे दिसले. त्यांना दुसऱ्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे धाडलं.

डॉक्टरांनी काकांना काचबिंदूच सांगितला. उजव्या डोळ्याची नसही थोडी झिजली होती, पण बरीच शाबूत होती. रोज रात्री एक थेंब सुरू झाला, तो आता कायमचा. काकू बाटली घड्याळाशेजारी ठेवतात आणि नऊ वाजता स्वतः घालतात.

दीड महिन्यानं पुन्हा आले, तेव्हा उजवीकडे दाब १६ होता. मी आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, "आणि डावा? थोडा तरी?"

"नाही काका."

त्यांनी मान हलवली. मग खिशातून चिठ्ठी काढली. सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो, त्यांनाही तपासून घ्या, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चिठ्ठीवर धाकट्या भावाचा फोन नंबर होता.

"तुम्हीच करा त्याला फोन," म्हणाले, "माझं ऐकत नाही. म्हणतो, मला स्वच्छ दिसतंय."