गेमसाठी संगीतकार शोधत होतो, तो वरातीत सापडला

तीन वर्षं झाली, मी एक गेम बनवतोय. एकटाच, नोकरी सांभाळून, जेवणं झाल्यावर रात्री बसतो. आमच्या यावल-रावेरकडे केळीला पाणी द्यायला कितीदा तरी रात्रीच जावं लागतं कारण शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते, आणि लहानपणी आबांच्या मागे बॅटरी धरून मी भरपूर वेळा गेलोय, तर गेम त्याचाच आहे. एक पोरगा, हातात बॅटरी, स्टार्टरपर्यंत जायचं, मोटार चालू करायची, एकेक व्हॉल फिरवून ठिबक सोडायचं आणि लाईट जायच्या आत घरी यायचं. बागेत कुठेतरी बिबट्या आहे. तो फारसा दिसत नाही. मारामारी नाही, पॉइंट नाहीत.

अशा गेममध्ये स्क्रीनवर अर्धा वेळ अंधारच असतो, त्यामुळे सगळी भिस्त आवाजावर. आणि मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून संगीतकार लागणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण त्याला काम कसं द्यायचं हे शिकायला मात्र एक अख्खा ट्रॅक वाया गेला.

पहिला संगीतकार ऑनलाइन शोधला होता. माणूस सज्जन, काम वेळेत, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चुकलं ते माझं. मी त्याला दोन ओळींचा मेसेज केला, 'गावाकडची रात्र आहे, थोडं गूढ पाहिजे, थोडा फोक टच द्या', सोबत तीन सिनेमांच्या संगीताच्या लिंक पाठवल्या आणि वाट बघत बसलो. गेमचं बिल्ड, म्हणजे खेळून बघता येईल अशी फाइल, पाठवलंच नाही, म्हटलं अजून कच्चं आहे, काय दाखवायचं. पंधरा दिवसांनी जे आलं ते ऐकायला खरंच भारी होतं. व्हायोलिनचा ताफा, बासरी, मागून ढोल चढत जाणारा. गेममध्ये टाकलं तर पोरगा बांधावरून चाललाय आणि वाटतंय गडावर चढाई चाललीये. मित्राला दाखवलं, तो म्हणाला, "भो, हे तं पिच्चरवानी वाटू राह्यलं." अठरा हजार दिले होते, ते द्यायलाच पाहिजे होते कारण मी जे मागितलं ते त्याने दिलं होतं.

मग तीन-चार महिने गेम बंदच पडला म्हणा ना. मार्चमध्ये मावसभावाचं लग्न होतं सावद्याला. वरात चालू होती, आणि वरात म्हटल्यावर पुढे पोरं नाचताहेत, मध्ये घोडी अडलीये, कोणीतरी फोटोसाठी थांबवलंय, पुढे ट्रॅक्टर आडवा आलाय, म्हणजे पुढच्या मिनिटाला काय होईल कोणालाच माहीत नसतं. बँडच्या गाडीवर एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा कीबोर्डवर होता. घोडी थांबली की तो गाण्याची एकच ओळ धरून फिरवत राहायचा, पण दर वेळी काहीतरी बारीक बदलायचा, कधी खालचा सूर काढून घेतला, कधी ऑक्टोपॅडवाल्याला नुसती मान हलवून थांबवलं, आणि घोडी हलली की बरोबर सम गाठून पुढच्या गाण्यात. कुठे तुटलं, कुठे जोडलं, काही कळत नव्हतं. मी नाचायचं सोडून गाडीच्या बाजूने चालत राहिलो, कारण गेमच्या संगीताला हेच तर लागतं!

सिनेमात सीन किती सेकंदांचा ते ठरलेलं असतं. गेममध्ये खेळणारा एका जागी दहा सेकंद थांबेल नाहीतर दहा मिनिटं, संगीताने त्याच्यासाठी थांबायचं असतं आणि तो हलला की सोबत हलायचं. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्स या व्हिडिओ गेममध्ये फक्त चार खर्जातले सूर आहेत, तेच फिरत राहतात, शत्रू जवळ येतात तसे जलद होत जातात, आणि तेवढ्याने आजही छातीत धडधडतं. वरातीतल्या त्या पोराला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. पाच वर्षं वराती वाजवून त्याच्या हातात आपोआप बसलेलं होतं.

जेवणाच्या पंगतीत त्याला गाठलं. "भाऊ, गेमला म्युझिक देशील का?" तो म्हणाला, "दादा, मी गेम खेळतो, पण बनवतात कसं ते नाही माहीत." त्याच्या घरी गेलो. गच्चीवरची पत्र्याची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, एक कॉम्प्युटर, त्यात एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर, कीबोर्ड. या वेळी लिंक एकही दिली नाही. बिल्ड दिलं, म्हटलं खेळ, आणि एका रात्री लाईटच्या पाळीला त्याला बाइकवर बसवून शेतात घेऊन गेलो.

त्या रात्रीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी त्याला झाडं दाखवत होतो आणि तो खाली मान घालून नुसता ऐकत होता. केळीची पानं वाऱ्याने फाटून त्यांच्या चिंध्या झालेल्या असतात, त्या एकमेकींवर घासल्या की पाऊस आल्यासारखं वाटतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय पण गेममध्ये टाकायचं सुचलं नव्हतं. मग तो डीपीपाशी थांबला. ट्रान्सफॉर्मरचा जो सतत हूं असा आवाज असतो ना, त्याने मोबाइल काढला, सूर मोजायचं ट्यूनरचं अॅप लावलं आणि मला दाखवलं, १०० हर्ट्झ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मरच्या आतला लोखंडी गाभा दर सेकंदाला त्याच्या दुप्पट वेळा थरथरतो, म्हणून १००. "दादा, ही खालच्या सप्तकातली पांढरी पाच आहे, जरा चढी," तो म्हणाला. पांढरी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी, त्या सप्तकात ती ९८ हर्ट्झला असते. म्हणजे आमच्या शेतातली डीपी इतकी वर्षं जवळपास सुरात गात होती, आणि आम्ही तिच्याकडे फक्त फ्यूज उडाला की बघायचो.

गेमचं सगळं संगीत त्याने त्याच सुरावर बांधलं. डीपी हाच षड्ज. मोटार चालू नसली की तो सूर नाही, फक्त पानं आणि रातकिडे. मोटार चालू झाली की सूर येतो आणि त्याच्यावर कीबोर्डचे अगदी मोजके स्वर. बिबट्या जवळ असला की संबळाचा थर चढतो. तीन थर, तिन्ही एकाच वेळी सुरू होतात आणि सोबतच फिरत राहतात, गेम फक्त कोणाचा आवाज वाढवायचा ते ठरवतो. त्यासाठी तिन्हींची लय आणि लांबी तंतोतंत एक लागते. आम्ही ८० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा, धरलं, चार मात्रांचे ३२ बार, म्हणजे बरोबर ९६ सेकंद. एका थरात अर्ध्या सेकंदाचाही फरक पडला तर दहा मिनिटांत सगळं फाकतं.

जे अडकलं तेही सांगतो. आधी त्याने एमपीथ्री पाठवल्या आणि लूप, म्हणजे संपला की परत पहिल्यापासून सुरू होणारा तुकडा, फिरताना दर वेळी बारीकसा झटका बसायचा. मी दोन संध्याकाळी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. चूक कोडमध्ये नव्हतीच, एमपीथ्री बनतानाच फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते. त्याच्याकडून वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला मूळ आवाज, घेतल्या, त्या ओजीजी या प्रकारात बदलल्या, झटका गेला. दुसरं म्हणजे शेवटच्या सुराची गुंज. लूप संपतो तिथे ती कापली जायची, मग त्याने सलग दोनदा वाजवून फक्त दुसरी फेरी वेगळी काढून दिली, म्हणजे पहिल्या फेरीची गुंज दुसरीच्या सुरुवातीला आपोआप येते. आणि तिसरं, मोबाइलच्या स्पीकरवर डीपी ऐकूच येईना! एवढासा स्पीकर १०० हर्ट्झ काय वाजवणार. त्याने त्याच सुराच्या वरच्या, २००-३०० हर्ट्झच्या छटा थोड्या उचलल्या, आणि कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. तेव्हापासून प्रत्येक ट्रॅक आधी आबांच्या साध्या मोबाइलवर ऐकायचा असा नियमच केला. पहिल्यांदा वाजवला तेव्हा आबा ओसरीतून म्हणाले, "मोटार चालूच राह्यली का रे?"

आता पैशाचं. तयार संगीताच्या मिनिटाला साडेतीन हजार, बारा मिनिटं, बेचाळीस हजार, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता काम सुरू व्हायच्या आधी. ओळखीचा पोरगा आहे, गावातला आहे, म्हणून 'गेम चालली की बघू' असं कोणी कृपया करू नका, त्याला वरातीचे पैसे त्याच रात्री मिळतात.

आणि लिहून घ्या. पहिल्या वेळी मी सगळं व्हॉट्सअॅपवर बोललो होतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की फ्रीलान्स संगीतकाराने केलेली चाल मुळात त्याचीच असते, पैसे दिले म्हणून ती आपोआप आपली होत नाही. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. कलम १९ तर प्रत्येक गेमवाल्याने वाचायलाच पाहिजे, कागदावर मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांपुरते धरतात आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारतापुरते. गेम जगभर विकायचा आणि संगीत भारतापुरतं, असं होऊन बसतं. आम्ही मराठीतच दोन पानं लिहिली. गेममध्ये जगभर, कायमचा वापर माझा, चाली वेगळ्या अल्बम म्हणून काढायचा हक्क त्याचा, नाव पहिल्या स्क्रीनवर. फक्त एक अट घातली, यूट्यूबच्या कंटेंट आयडीला, म्हणजे व्हिडिओतलं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेला, ते संगीत लावायचं नाही, नाहीतर आपला गेम खेळून दाखवणाऱ्या पोरांच्याच व्हिडिओवर क्लेम पडतात. विकतच्या तयार लूपही वापरायच्या नाहीत असं ठरलं, तेच लूप दुसऱ्या दहा जणांच्या गाण्यात असतात.

संगीतकार गावचाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स या गेम कंपनीच्या राजी या २०२० च्या गेमचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे, आणि ते त्या गेमला शोभतं. पण लांबचा असो की जवळचा, त्याला गेम खेळायला द्या, त्या जागेचे आवाज द्या, नेता आलं तर जागेवर न्या.

पहाटेचा ट्रॅक अजून बाकी आहे. पोरगा घरी परततो, तांबडं फुटतंय, लाईट गेलीये म्हणजे डीपी बंद, म्हणजे आमचा षड्जच गेला. त्यावर काय करायचं ते त्याला अजून सुचलेलं नाही, मलाही नाही. सध्या लग्नसराई आहे, त्याला रोज एक वरात असते, काल रात्री दीडला चोपड्याहून फोन आला, मागे गाडीचा आवाज, म्हणाला, "दादा, पहाटेला काहीच वाजवायचं नाही, नुसत्या चिमण्या, चालेल का?" मी म्हटलं, करून पाठव, आबांच्या मोबाइलवर ऐकू.