ढब्बूचं नाक आणि नागपूरचं विमान

मुंबईहून नागपूरला कुत्रा न्यायचा तर रेल्वेच बरी, असं मला ज्यानं त्यानं सांगितलं. फर्स्ट एसीचं तिकीट काढायचं, अर्ज द्यायचा आणि अख्खं कूपे मिळावं म्हणून देव पाण्यात ठेवून बसायचं. मिळालं की नाही ते कळणार चार्ट लागल्यावर. नाही मिळालं तर कुत्रा गार्डाच्या डब्यात आणि आपण बर्थवर. ढब्बू लवंगी फटाका वाजला तरी पलंगाखाली शिरतो. रात्रभर त्याला गार्डाच्या डब्यात खडखडत पाठवणं मला जमणार नव्हतं. मामेबहिणीचं लग्न, घरी मागे कोणी नाही. म्हटलं विमान. तिथेही तो एकटाच, पण दीड-दोन तासांत सुटका.

ढब्बू लालबागच्या गल्लीत सापडलेला अस्सल गावठी, वजन १९ किलो. केबिनमध्ये पायाशी बॅगेत बसतात ती पाच-सात किलोची मंडळी वेगळी. आमची रवानगी विमानाच्या पोटात. तिथे हवेचा दाब वरच्यासारखाच असतो, जनावर आहे म्हटल्यावर कॅप्टनला तसं कळवतात आणि त्या कप्प्याचं तापमानही सांभाळतात, हे वाचून जरा धीर आला. खरी भीती जमिनीवरच्या उन्हाची. म्हणून डिसेंबरातलं सकाळचं विमान घेतलं. वजन पिंजऱ्यासकट धरतात, त्यामुळे ढब्बूचं भाडं माझ्या तिकिटाच्या वर गेलं. हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

रेबीजच्या लसीची नोंद होतीच. प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा दाखला घ्यायला परळच्या बैलघोड्याच्या हॉस्पिटलात गेले. एकोणिसाव्या शतकापासूनचं हे जनावरांचं हॉस्पिटल, आणि आमच्याकडे मांजर शिंकलं तरी लोक तिथेच धावतात. मी म्हटलं, "डॉक्टर, झोपेचं काहीतरी द्या." त्यांनी साफ नकार दिला. वर गेल्यावर श्वास मंदावला, रक्तदाब उतरला तर तिथे बघणार कोण? मग ढब्बूचं तोंड हातात धरून म्हणाले, "याचं नाक लांब आहे हे नशीब समजा." पग, बुलडॉग, बॉक्सर, असली चपट्या नाकाची कुत्री सामानाच्या कप्प्यात घ्यायला बऱ्याच विमान कंपन्या तयार नसतात. कुत्रा अंग गार करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि यांचा श्वासाचा मार्गच अरुंद. हजारो रुपये मोजून आणलेलं पिल्लू विमानाला नापास आणि आमचा फुकटातला पास! मी घरी येईपर्यंत टॅक्सीत हसत होते.

ही ऐट विमानतळापर्यंतच टिकली. चेक-इनच्या रांगेत शेजारी एका मुलीच्या गुलाबी बॅगेतून शिह त्झू जातीच्या कुत्र्याचं डोकं बाहेर आलेलं, आणि त्याच्याभोवती ही झुंबड. सिक्युरिटीच्या पलीकडे तर विमानतळानेच प्रवाशांचा ताण हलका करायला कुत्री ठेवली आहेत, तिथेही सेल्फी. ढब्बूकडे मात्र लोक आधी बघत, मग माझ्याकडे. मागच्या एका काकूंना राहवलं नाही. "हा रस्त्यावरचाच ना? एवढा खर्च करायचा तर एखादा चांगला तरी पाळायचा." चांगला! मी काही बोलले नाही. बोलले असते तर विमान चुकलं असतं.

मोठ्या सामानाच्या एक्स-रेपाशी खरी परीक्षा. पिंजरा रिकामा तपासतात, म्हणजे कुत्रा बाहेर काढायचा आणि परत आत घालायचा. बाहेर आला लगेच. आत जाईना. चारही पाय फरशीवर रोवले, कान मागे, शेपूट पोटाशी. मी मागून ढकलतेय, बिस्कीट दाखवतेय, रांग चुकचुकतेय. तेवढ्यात एक वयस्कर लोडर आले. "अरे, बेल्ट थांबवा दोन मिनिटं." मला म्हणाले, "ताई, तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही घाबरलाय, म्हणून तो घाबरलाय. नाव काय?" उकिडवे बसले, पण ढब्बूकडे बघितलंच नाही. तोंड भलतीकडे करून मूठ मागे त्याच्या नाकापाशी धरली. त्यानं हुंगली, एकदा, परत एकदा. मग माझ्या हातातली आईची जुनी साडी घेऊन त्यांनी पिंजऱ्यात खोलवर सारली आणि नुसतेच बसून राहिले. ढब्बू साडीमागे आपण होऊन आत गेला. त्यांनी कडी लावली, दार झिप-टायनं बांधलं, कोपऱ्यातले नट-बोल्ट हातानं हलवून पाहिले, पाण्याची वाटी जाळीला नीट अडकवली. "गावाला आमच्याकडं असलीच दोन हायेत. घराची राखण तीच करतात." इतक्या गर्दीत ढब्बूला कुत्रा म्हणून वागवणारा हा एकच माणूस.

विमानात हवाई सुंदरीला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ती विचारून आली आणि म्हणाली, चढलाय.

नागपूरला बेल्ट सुरू व्हायच्या आधीच दोघांनी पिंजरा उचलून आणून दिला. साडी कोरडी ठणठणीत. काकू तिथेच बॅगेची वाट बघत उभ्या होत्या. ढब्बूनं त्यांच्या ट्रॉलीवर पाय वर करावा असं मला मनापासून वाटत होतं, पण त्यानं बाहेरचा खांब निवडला. न्यायला आलेला मामा त्याला बघून म्हणाला, "बाप्पा! याले इमानात बसवून आणलं काय वं? आमच्या गल्लीत असे दहा पडले हाये."

लग्न छान झालं, सावजी रस्सा दोनदा खाल्ला.

परत येताना ठाण्याला नोकरी करणारा मामेभाऊ म्हणाला, चल माझ्या गाडीतून, समृद्धीनं ७०१ किलोमीटर, लोण्यासारखा रस्ता. ढब्बू संभाजीनगरपर्यंत राजासारखा खिडकीतून बघत होता. इगतपुरीच्या लांबलचक बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या नव्या सीटवर ओकला. पुढच्या खेपेला विमानाचे अर्धे पैसे मी देईन, असं मामेभावानं गाडी पुसता पुसताच सांगून टाकलंय.