शिकार उंबऱ्यापर्यंत

आमच्या घरात शिकारीच्या गोष्टींना तोटा नव्हता. शिकार मात्र माझ्या जन्माआधीच संपली होती. आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. कोकणात असे परवाने बऱ्याच घरांत असत, अजूनही आहेत, कारण तयार झालेलं भात एका रात्रीत लोळवायला डुकरांचा एक कळप पुरतो. 1972 सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेची शिकार हळूहळू गुन्हा ठरली. पुढे बंदूक काकांच्या नावावर आली. आता तिला एकच प्रवास ठाऊक: आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत घरी. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळ्या निवडणुका धरल्या तर रानापेक्षा ठाण्याची वाट तिच्या जास्त पायाखालची असेल.

गोष्टी मात्र शाबूत राहिल्या. हाकारे कुठल्या अंगाने सुटले, कोण कुठे दबा धरून बसला, ऐन वेळी कोणाला शिंक आली, कुत्रं कसं फाटलं, रानातच पानांवर वाटे कसे घातले, त्यात बंदुकीचा वाटा वेगळा आणि कुत्र्याचाही वेगळा. आजोबा तासभर रंगवून सांगत आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असे: ‘मग आणला घरी.’ गोष्ट तिथे संपायची. घरी आणल्यावर त्याचं काय झालं, ते कोणी केलं, किती वेळ लागला, लाकडं कोणी फोडली, यातलं अक्षर नाही. आजी माजघरात तांदूळ पाखडत बसलेली असायची. तिच्याकडे या गोष्टीचा दुसरा भाग असणार, पण तो तिला कोणी विचारला नाही आणि तिनेही आपणहून सांगितला नाही.

आमच्या पिढीच्या वाट्याला आली ती मुठ्यांची शिकार. महाडकडे शेतातल्या आणि वहाळातल्या खेकड्यांना मुठे म्हणतात. खाडीतली ती चिंबोरी, तिचा मान वेगळा आणि भावही वेगळा. मृगाच्या दोन दणदणीत सरी झाल्या की बिळांत पाणी शिरतं आणि मुठे बाहेर पडतात. वेळ मोठी सोयीची असते. 1 जून ते 31 जुलै होड्या किनाऱ्याला लागलेल्या, बाजारात ताजी मासळी कमी आणि जी असते तिचा भाव ऐकूनच ढेकर यावा असा. सुकट-बोंबलावर माणसाने काढून काढून किती दिवस काढायचे? त्यात पुढे श्रावण आ वासून बसलेला. म्हणजे मृगापासून दिव्यांच्या अवसेपर्यंत जे काय खायचं ते खाऊन घ्यायचं. याच दिवसांत वलगणीचे मासे अंडी घालायला पाण्याच्या धारेविरुद्ध चढत शेतात येतात, पण त्यांचा विषय इथे काढला तर मुठे राहून जातील.

या शिकारीला रान लागत नाही, रस्ता लागतो. तोही असा: एक एसटी सकाळी, एक संध्याकाळी, दोन्ही बाजूंना शेतं आणि मध्ये मध्ये सिमेंटच्या पाइपांच्या मोऱ्या. शेतातलं पाणी मोरीतून पलीकडे जातं. मुठ्यांना मात्र मोरी पसंत नसावी, ते सरळ डांबरावरून तिरके तिरके पलीकडे निघतात. सकाळी रस्त्यावर चपटी झालेली कवचं दिसतात, तेव्हा रात्री किती जण निघाले होते याचा अंदाज येतो. दिवसा हा रस्ता कोणाच्या खिजगणतीत नसतो. पावसातल्या रात्री त्याच्यावर चार-पाच ठिकाणी उजेड हलत असतो आणि लांबून ‘कोन रं?’ अशी हाक येते. हाकेला उत्तर द्यायचं, पण डब्यात किती आहेत ते खरं सांगायचं नाही. विचारणाराही सांगत नाही.

पूर्वी सुक्या बांबूची चूड पेटवून नेत, मग गॅसबत्ती आली, मग बॅटरी, आता कपाळाला बांधायचा दिवा. तत्त्व एकच. उजेड डोळ्यांवर पडला की मुठा क्षणभर जागीच थबकतो. तेवढ्यात पाठीवर पाय हलकेच दाबायचा आणि मागच्या बाजूने, कवचाच्या दोन्ही कडांना धरून उचलायचा. पुढून हात घालणाऱ्याला नांगी काय असते ते कळतं. नराची एक नांगी बहुधा दुसरीपेक्षा मोठी असते आणि बोट नेमकं तिच्यातच जातं. उचलल्यावर उलटा करून पोट बघायचं. रुंद झडप असलेली मादी असेल आणि झडपेखाली पिल्लं असतील तर तिथल्या तिथे सोडून द्यायची. समुद्री चिंबोरीची पिल्लं पाण्यात तरंगत वाढतात. गोड्या पाण्यातली मुठी मात्र अंडी पोटाशी धरते आणि त्यांतून अगदी तीळतीळ आकाराचे, पण पुरते खेकडेच बाहेर येतात. बॅटरीच्या उजेडात ती वळवळ पाहिली की डब्यात टाकायला हात होत नाही. काका तर तिला बांधापलीकडे, वाहनं येणार नाहीत अशा बाजूला नेऊन ठेवतात.

पायाखाली बघत चालायचं ते केवळ मुठ्यांसाठी नव्हे. याच रात्री फुरसं आणि घोणस हे विषारी सापही भक्ष्याच्या मागावर असतात. गमबूट घालून चालताना शूर वाटतं. बेडूक पायावर उडाला की किती ते समजतं.

सह्याद्रीत या खेकड्यांच्या जाती तरी किती! 2016 साली तर इथल्या एका नव्या जातीला ठाकरे हे नाव मिळालं. काकांना ही बातमी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘रस्सा कसा होतो त्याचा?’

डब्याला झाकण लागतं, हे इथे मुद्दाम सांगतो. मराठी माणसाला सुनावण्यासाठी जी खेकड्यांची गोष्ट भाषणाभाषणांतून सांगतात, की टोपलीला झाकण नको, एक वर चढला की दुसरा पाय ओढतो, ती रचणाऱ्याने खेकड्यांचा डबा रात्रभर उघडा ठेवलेला नसणार. आमच्या न्हाणीत ठेवलेल्या बादलीतून ते एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन शिस्तीत बाहेर पडले. सकाळी एक गॅसच्या सिलिंडरमागे सापडला, एक काकांच्या चपलेत, आणि एक देवघराच्या खाली नांग्या वर करून बसला होता. मराठी माणसाची बदनामी करायची तर दुसरा प्राणी शोधावा.

तर, शिकार करून पुरुष मंडळी रात्री परत येतात, अंगणात पाय धुतात, डबा न्हाणीत ठेवतात, चहा मागतात आणि झोपतात. सकाळी ओट्यावर गोष्ट सुरू होते: मोरीजवळचा तो केवढा होता, कसा निसटत होता. आणि आत काकू त्याच ‘केवढ्या’समोर बसलेली असते. रस्त्यावर मुठा पळू तरी शकत होता. आता तो कोपऱ्यात सापडलेला आहे, चिडलेला आहे, आणि काकूच्या हातात काठी नाही, पायात बूट नाही. ती ब्रशने एकेकाची माती घासते. आधी नांग्या मुळापासून पिरगाळून काढते, मग पाय, मग पोटाखालची झडप, मग दोन्ही अंगठे घालून पाठीचं कवच उचकटते. आतले पिसांसारखे कल्ले फेकायचे, पिवळी-केशरी लाख, म्हणजे आतला मऊ गर, बोटाने वाटीत काढून घ्यायची. हे सगळं करताना तिची नजर बादलीवरही असते. शिकारी कोण, हे मला त्या सकाळी कळलं. काकूला सांगितलं तर म्हणाली, ‘बोलत नको बसूस, लसूण सोल.’

बारीक पाय टाकायचे नसतात, खरा रस्सा त्यांच्यातच आहे. ते पाट्यावर थोडं पाणी घालून ठेचायचे आणि फडक्यातून गाळायचे, पुन्हा ठेचायचे, पुन्हा गाळायचे. मिक्सरने काम होतं, पण कचकच जास्त उतरते. निघालेलं करडं पाणी बघून कोणाला भूक लागणार नाही. पण ते भाजल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात पडलं आणि उकळी आली की वर मऊ गुठळ्या तरंगायला लागतात. नवखा माणूस म्हणतो रस्सा फाटला. त्याच गुठळ्यांसाठी घरातली जाणती माणसं पळी खोलवर घालतात. लाखेत बेसन, तिखट, हळद, कोथिंबीर कालवून ते कवचात भरायचं, दोऱ्याने बांधायचं आणि अलगद रश्श्यात सोडायचं. आमसुलं अगदी शेवटी. बाहेर पाऊस, आत तांदळाची भाकरी, आणि जेवताना बोलणं बंद, कारण दोन्ही हात आणि सगळे दात कामात. फक्त नांग्या फोडल्याचा आवाज. पहिला वाटा अजूनही पकडणाऱ्याला जातो. काकू शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, नांगी नसते. यंदा तिच्यासाठी दोन आधीच काढून ठेवल्या, तर तिने त्यातली एक काकांच्या ताटात टाकली. या प्रकाराला उपाय काय, ते मला सुचलेलं नाही.

पावसाळ्यात महामार्गाच्या कडेला कातकरी बाया मुठे घेऊन बसतात, वेलीने नांग्या आवळून बांधलेल्या जुड्या समोर मांडून. मुठ्यांची जाण त्यांच्याइतकी आमच्या अख्ख्या वाडीला नाही. परवा तिथे एक मोठी गाडी थांबली. उतरलेल्या गृहस्थांनी एक जुडी लांबूनच निरखली, घासाघीस केली, दोन जुड्यांचा भाव ठरला. मग ते जरा ओशाळून म्हणाले, ‘मावशी, साफ करून द्याल का? घरी कोणी हात लावत नाही.’

‘देते की,’ ती म्हणाली. ‘धरायचं पैसं झालं, आता तोडायचं वेगळं.’

तिने तोडायचा भाव सांगितला. यावर मात्र त्यांनी घासाघीस केली नाही.