डुकरांच्या खाद्यात कोंडा आणि चोथा: किलोच्या भावावर जाऊ नका

वराहपालनात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. मका आणि सोयापेंड महागली की नजर राईस मिलच्या पॉलिशकडे (तांदूळ घासताना निघणारा बारीक कोंडा), बिअरच्या चोथ्याकडे, डाळ मिलच्या चुणीकडे वळते. वळायलाच हवी. पण हा माल किलोच्या भावाने तोलला की हिशेब हमखास चुकतो.

आधी पाणी वजा करा. समजा, बिअरचा ओला चोथा शेडवर पोहोच 5 रुपये किलो पडला आणि त्यात कोरडा अंश 22 टक्के निघाला. 5 भागिले 0.22, म्हणजे कोरड्या मालाचा भाव पावणेतेवीस रुपयांच्या आसपास. राईस पॉलिश 20 रुपयांना मिळत असेल आणि त्यात कोरडा अंश 90 टक्के असेल, तर तेच गणित सव्वाबावीसच्या आत येतं. पाच रुपयांचा चोथा वीस रुपयांच्या पॉलिशपेक्षा महाग पडला! त्यात चोथ्याला प्रोटीन जास्त, पण फायबरही जास्त. कोरडा अंश घरी मोजता येतो. 100 ग्रॅम नमुना पातळ पसरून मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, शेजारी अर्धा कप पाणी. आधी दोन मिनिटं, मग एकेक मिनिट, दर वेळी वजन. दोनदा तेच वजन आलं की थांबा. करपला तर तो नमुना टाकून द्या. प्रत्येक गाडीचं माप वेगळं येतं, म्हणून एकदा मोजून वर्षभर तोच आकडा धरू नका.

उन्हाळ्यात ओला चोथा दोन-तीन दिवसांत आंबतो, मग बुरशी धरतो. जास्त घ्यायचा असेल तर ड्रममध्ये थराथराने तुडवून भरा आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधा, हवा राहता कामा नये. फारच ओला असेल तर भरताना गव्हाचा कोंडा मिसळा. बुरशीचा भाग वरवर काढून खालचा घालणं मला मुळीच मान्य नाही; विष डोळ्यांना दिसतं तेवढ्यापुरतं नसतं.

राईस पॉलिशमध्ये 12 ते 15 टक्के तेल असतं, म्हणूनच ते डुकरांना मानवतं. पण तांदूळ पॉलिश होताच त्यातलं लायपेज हे विकर तेल फोडायला लागतं. कोकणच्या दमट हवेत पंधरवड्याहून जास्त साठा करू नये. मूठभर माल दाबून बघा: चांगल्या पॉलिशचा गोळा टिकतो, वास किंचित गोडसर येतो. तूस मिसळलेलं असेल तर गोळा फुटतो, तळहाताला टोचतं, आणि चिमूटभर पाण्यात ढवळलं की तूस वर तरंगतं. प्रयोगशाळेत राख तपासून घ्या. तुसाच्या राखेचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास असतं आणि ती बहुतेक सिलिकाच. छोट्या हलरवर तर भात सोलणं आणि पॉलिश करणं एकाच वेळी होतं, त्यामुळे तूस कोंड्यातच येतो. असा कोंडा वाढत्या डुकरांना देऊ नका. तेल काढलेला कोंडा टिकतो चांगला, पण तेलाबरोबर त्याची ऊर्जाही गेलेली असते. पॉलिशच्या जागी तेवढ्याच वजनाने तो टाकला की वाढ मंदावते.

डुकराचं पोट एकच, गायीसारखं चार कप्प्यांचं नाही. फायबर पचतं ते मोठ्या आतड्यात, तेही थोडं आणि वय वाढल्यावर. दूध तुटलेल्या पिल्लांच्या एकूण खाद्यात फायबर 5 टक्क्यांच्या आसपास ठेवा, वाढत्या जनावरांत 6-7, गाभण मादीला 10 चालतं.

आता प्रोटीन. रिपोर्टवरचा आकडा म्हणजे नायट्रोजन गुणिले 6.25, त्यामुळे युरियाची भेसळही त्यात प्रोटीन म्हणून दिसते. आणि डुकराला हवं असतं ते मुख्यतः लायसिन, म्हणजे प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल. शेंगदाणा पेंडीत प्रोटीन सोयाच्या जवळपास, पण लायसिन जेमतेम निम्मं. अदलाबदल केली आणि खाद्यात लायसिनची 0.2 टक्क्याची तूट आली, तर 100 किलो खाद्यात साधारण 250 ग्रॅम लायसिन हायड्रोक्लोराइड लागेल. तो खर्च पेंडीच्या भावात धरा. शेंगदाणा पेंड अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) तपासल्याशिवाय घेऊ नका, शिजवून ते जात नाही. सरकी पेंडीत गॉसिपॉल हे सरकीतलंच विषारी द्रव्य असतं. एकूण खाद्यात मुक्त गॉसिपॉल 100 पीपीएमच्या (किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या) वर जाता कामा नये. पिल्लांना तर मी ती सुचवणारच नाही.

एक चूक वारंवार होते. कोंड्यातलं बरंचसं फॉस्फरस फायटेट या डुकराला न पचणाऱ्या रूपात बांधलेलं असतं आणि कॅल्शियम अगदी कमी. म्हणून चुनखडी घालतात, ते बरोबरच, पण अंदाजाने जास्त पडली की फायटेट आणि कॅल्शियम मिळून झिंक अडवून ठेवतात. मग पायांवर, पोटाखाली, कानांमागे कातडी जाड होते, भेगा पडतात, खपल्या धरतात. खरूज समजून औषधं सुरू होतात. खरजेला खाज फार असते, यात सहसा नसते. चुनखडी मोजून घाला आणि खनिज मिश्रणातलं झिंक बघा.

हे सगळं जमलं तरी निकाल तराजूवरच लागतो. सारख्या वजनाची, शक्यतो त्याच वेतांतली डुकरं दोन कप्प्यांत विभागा. एका कप्प्यात जुनं खाद्य ठेवा, दुसऱ्यात आठवडाभर चोथा घातलेलं नवं खाद्य हळूहळू वाढवा, मग सहा आठवडे दर पंधरवड्याला सकाळी उपाशीपोटी वजन घ्या. उरलेलं, सांडलेलं खाद्यही मोजा. समजा, जुनं खाद्य 28 रुपये किलो आणि एक किलो वाढीला 3.2 किलो लागलं: खर्च 89.60 रुपये. नवं 25 रुपयांचं, पण 3.7 किलो लागलं: 92.50. शिवाय रोजची वाढ 600 ग्रॅमवरून 540 वर आली, तर 30 किलोचं डुक्कर 90 किलोचं व्हायला शंभराऐवजी 111 दिवस. ते 11 दिवस शेड अडकून राहते. असा निकाल आला तर माल फेकायची गरज नाही. तोच चोथा गाभण माद्यांना द्या. त्यांना मोजकंच खाद्य द्यावं लागतं, आणि फायबरने पोट भरलं की त्या शांत राहतात.