पहिला पगार झाला, आता पैसे कुठे गुंतवू?

नुकतीच नोकरीला लागलेली मुलं-मुली मला हमखास हा प्रश्न विचारतात. त्यात हुरूप असतो आणि थोडी धास्तीही: सगळे गुंतवताहेत, आपण मागे पडलो तर? माझं उत्तर असं की, बचत पहिल्या पगारापासून करा, पण ती कुठे जास्त वाढेल याच्या शोधात संध्याकाळी घालवू नका. त्या संध्याकाळी काम शिकण्यात घाला.

हिशेबच करून बघू. समजा, दर महिन्याला पगाराचा दहावा हिस्सा बाजूला काढला. वर्षाअखेरीस सव्वा पगाराला थोडी कमी अशी रक्कम जमते. ती थोडी थोडी साठत गेलेली असते, त्यामुळे वर्षभराची सरासरी धरली तर जेमतेम अर्ध्या पगाराहून थोडी जास्त भरते. आता ६ टक्क्यांऐवजी १२ टक्के मिळवून देणारी जागा तुम्ही शोधून काढलीत, तरी जादा हाती काय येतं? साधारण एका दिवसाचा पगार. तेच एखादं कौशल्य पक्कं झाल्यामुळे पगार १० टक्क्यांनी वाढला, तर वर्षाला छत्तीस दिवसांचा पगार जास्त येतो, दरवर्षी येत राहतो आणि पुढची वाढ त्यावर धरली जाते. साठलेली रक्कम दीड वर्षाच्या पगाराएवढी झाली की तोच ६ टक्क्यांचा फरक एका महिन्याच्या पगाराच्या घरात जातो. गुंतवणुकीचा बारकाईने अभ्यास करायची वेळ ती. तोवर समजायला सोपी आणि कमी शुल्काची एखादी योजना पुरे. कंपनी तुमच्या बचतीत स्वतःची भर घालत असेल, तर ती मात्र पूर्ण घ्या.

चक्रवाढीची भुरळ सगळ्यांनाच पडते. ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे किती काळात दुप्पट होतील याचा अंदाज येतो. हा आडाखा लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ सालीच छापून ठेवला आहे. पण तो कर्जालाही तितकाच लागू पडतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला ३ टक्के व्याज असेल, तर ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिन्यांत ती दुप्पट. वर्षाचा दर ३६ वाटतो, चक्रवाढीने तो ४२ च्या पुढे जातो. असं कर्ज डोक्यावर असताना गुंतवणुकीचा विचारही करू नका. ते फेडणं हीच त्या घडीची सगळ्यात खात्रीची कमाई.

त्यानंतर सहा महिन्यांचा खर्च बँकेत साधा पडून राहू द्या. त्यावर व्याज कमी मिळतं म्हणून हळहळू नका. कुणी खोट्या कागदावर सही करायला सांगितली, किंवा वर्ष उलटलं तरी नवीन काहीच शिकायला मिळत नाही असं दिसलं, तर हे पैसे असणारा माणूस ‘नाही’ म्हणू शकतो. ज्याचा पुढच्या महिन्याचा हप्ता अडलेला असतो त्याला मान डोलवावी लागते. घरच्या जबाबदारीमुळे ज्यांच्या हातात काहीच उरत नाही, त्यांनी एका महिन्याच्या खर्चाचं उद्दिष्ट ठेवावं. तेवढ्यानेही श्वास मोकळा होतो.

आता शिकण्याबद्दल, कारण खरी गफलत इथेच होते. व्हिडिओ बघितले, नोट्स दोनदा वाचल्या, समजल्यासारखं वाटलं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. म्हणून शिकून झालं की स्क्रीन बंद करा, कोरा कागद घ्या आणि आत्ता काय कळलं ते लिहा. तिसऱ्या-चौथ्या ओळीला पेन अडेल. फार वाईट वाटतं तेव्हा, पण अडलं तिथलंच नेमकं शिकायचं राहिलेलं असतं. तेवढंच उघडून बघा आणि दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्या.

ऑफिसातही हेच करा. काम समजावून सांगितलं की जागेवर येऊन चार ओळी लिहा आणि वरिष्ठांना पाठवा: ‘मला असं समजलं, बरोबर आहे ना?’ काम अर्धवट असतानाच दाखवा. पूर्ण झाल्यावर चूक निघाली की सगळंच उसवावं लागतं.

आणि माणसं जोडून ठेवा, नुसत्या तोंडओळखीचीसुद्धा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची पाहणी केली आणि १९७३ साली ती मांडली. ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो नेहमीच्या भेटीतला आहे, असं सांगणारे सहांतले एक होते. बाकीच्यांना ती माहिती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याने दिली होती. कारण सरळ आहे: रोज भेटणाऱ्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. जुन्या सहकाऱ्याला, बरोबर कोर्स केलेल्या मैत्रिणीला वर्षातून एक-दोनदा काहीही न मागता मेसेज करा. तुम्ही सध्या काय करताय ते सांगा, त्यांचं विचारा.