मॅटरहॉर्नचं चौथं रीळ

दिग्दर्शक-नट लुइस ट्रेंकरच्या 'डेर बेर्ग रुफ्ट' (1938) या, मॅटरहॉर्न शिखराच्या पहिल्या चढाईवरच्या जर्मन चित्रपटाची 35 मिमी प्रिंट फिल्म सोसायटीच्या खेळासाठी आली. पाच डबे, पाच रिळं, झाकणांवर एकाच हाताने लिहिलेले क्रमांक. चौथं रीळ तपासायला घेतलं आणि घोळ लक्षात आला. तिसऱ्या रिळाच्या शेवटी जी चढाई पाहून झाली होती, तीच पुन्हा सुरू झाली.

हा घोळ डबे उघडून नुसती लेबलं वाचली असती तर सापडला नसता. थंड गोदामातून आलेले डबे आधी बंदच ठेवावे लागतात, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत. नाहीतर गार फिल्मवर दव धरतं आणि इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, एकमेकांना चिकटतं. झाकण उघडलं की पहिल्यांदा वास घ्यायचा. व्हिनेगरचा वास आला तर अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागली आहे, ते रीळ बाकीच्यांपासून दूर ठेवायचं. मग सुती हातमोजे घालून रीळ रिवाइंडरवर, म्हणजे फिल्म गुंडाळायच्या यंत्रावर, चढवायचं आणि फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनीत धरून सावकाश गुंडाळायचं. फाटलेलं छिद्र, सुटलेला जोड, दुमडलेली कड, सगळं डोळ्यांआधी बोटांना कळतं. आकसलेपणा मोजपट्टीवर एक टक्क्याच्या पुढे गेला की छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांवर नीट बसत नाहीत आणि फिल्म तिथेच फाटते.

पुन्हा आलेली चढाई भिंगाखाली पाहिली. कड्यावरचा वाटाड्या कॅरेल तोच, म्हणजे ट्रेंकर. थोडं पुढे गेल्यावर इंग्रज गिर्यारोहक व्हिंपर जवळून दिसला, आणि तो तिसऱ्या रिळातला नट हर्बर्ट डिरमोझर नव्हता. तो रॉबर्ट डग्लस होता. फिल्मच्या कडेला आवाज छापलेला असतो तो ध्वनिपट्टाही वेगळा: तिसऱ्या रिळात राखाडी आडव्या रेघा, इथे करवतीसारखी नागमोडी कड. डब्यात इंग्रजी आवृत्तीचं रीळ आलं होतं.

त्याचं कारण या चित्रपटाच्या घडणीतच आहे. 'डेर बेर्ग रुफ्ट' बरोबरच ब्रिटनमधला निर्माता अलेक्झांडर कोर्डा याच्या कंपनीसाठी 'द चॅलेंज' नावाची इंग्रजी आवृत्ती तयार झाली. तिचं दिग्दर्शन मिल्टन रॉस्मरचं, पर्वतावरची दृश्यं ट्रेंकरची. संवादाचे प्रसंग दोनदा घ्यायचे, नट बदलायचे, पण 4478 मीटरच्या पर्वताच्या अंगावर कॅमेरे, ट्रायपॉड आणि माणसं एका चित्रपटासाठी दोनदा कोण चढवणार? म्हणून कातळावरचे शॉट दोन्हीकडे वापरले. कॅरेल दोन्हीकडे ट्रेंकरच. इंग्रजी आवृत्ती लहान, त्यामुळे तिची रिळं वेगळ्या जागी तुटतात. दोन देशांच्या प्रिंट एका गोदामात शेजारी पडल्या तर असं रीळ दुसऱ्या डब्यात जायला फारसं काही लागत नाही. चुकून लावलं असतं, तर प्रेक्षकांना तीच चढाई दोनदा दिसली असती आणि नंतर जर्मन बोलणारी माणसं अचानक इंग्रजीत बोलू लागली असती.

पर्वतचित्रपट तपासताना भिंगाखाली एक गोष्ट हटकून पाहावी: दोर. ट्रेंकरच्या फ्रेममध्ये ताग-मनिलाचा जाड दोर थेट छातीला बांधलेला दिसतो. हार्नेस, म्हणजे आधाराचे पट्टे, नाहीत. असा दोर भिजला की जड होतो आणि गोठला की लोखंडी सळईसारखा ताठ. त्याची गाठ बांधताना ट्रेंकरची बोटं कशी चालतात ते बघा, नटाला शिकवून ते येत नाही. तो 1892 मध्ये दक्षिण तिरोलमधल्या ग्र्योडन खोऱ्यात, ओर्तिसेईला जन्मला. शिकला वास्तुशास्त्र, पहिल्या महायुद्धात डोलोमाइट्सच्या आघाडीवर ऑस्ट्रियाकडून लढला, आणि पर्वत-मार्गदर्शक म्हणून काम केलं. 1924 च्या 'डेर बेर्ग डेस शिक्झाल्स'साठी पर्वतचित्रपटांचा दिग्दर्शक आर्नोल्ड फांकने त्याला नेलं ते वाटाड्या म्हणून. नायकाला कडा चढता येईना, तेव्हा भूमिका ट्रेंकरकडे आली. 1926 मध्ये अभिनेत्री लेनी रीफेनश्टालबरोबर 'डेर हायलिगे बेर्ग', आणि पुढच्या दशकात तो स्वतःच दिग्दर्शक. 'डेर फेरलोरेने झोन' (1934) मध्ये डोलोमाइट्सचे सुळके विरत जाऊन न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती होतात. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामात हा एक डिझॉल्व्ह सर्वांत मोठा. 1936 च्या 'डेर कायझर फोन कालिफोर्निएन'ला व्हेनिसमध्ये मुसोलिनी चषक मिळाला. नाझी राजवटीत तो काम करत राहिला, आणि त्याच्या चित्रपटांतल्या मातीच्या ओढीकडे आज तो संदर्भ बाजूला ठेवून पाहता येत नाही, पाहूही नये.

आकाशही पाहावं. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळ्याला फार संवेदनशील आणि लालला आंधळी. त्यामुळे निळं आकाश पांढरं धुतलं जायचं, बर्फ आणि आभाळ एकजीव व्हायचं. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आणि पिवळा किंवा नारिंगी फिल्टर आल्यावर आकाश गडद झालं, ढग सुटे दिसू लागले आणि कड्याची धार उठली. फ्रेमवर विजेसारख्या बारीक फांद्या दिसल्या तर तो ओरखडा समजून पुसत बसू नये. कोरड्या थंडीत कॅमेऱ्यातून फिल्म पळताना स्थिर विजेची ठिणगी उडते, तिचा तो ठसा. तो निगेटिव्हमध्येच आहे.

या प्रिंटला 1.37 ची गवाक्षपट्टी लागते: प्रोजेक्टरच्या खिडकीत बसणारी, चित्राचा आकार ठरवणारी पट्टी, रुंदी उंचीच्या 1.37 पट. प्रोजेक्टरवर 1.85 ची, म्हणजे जास्त रुंद चित्राची, पट्टी असू शकते. तीच ठेवली तर फ्रेमच्या उंचीचा पाव हिस्सा जातो, आणि इथे वरचा भाग म्हणजे शिखर, खालचा म्हणजे दरी. चढणारा माणूस मधल्या कातळात लटकलेला राहतो. तो किती उंचावर आहे हे कळायला जागाच उरत नाही. पट्टी बदलायची, आणि त्याच पडद्याच्या उंचीसाठी जास्त फोकल लांबीचं भिंगही लावायचं. नुसती पट्टी बदलली तर चित्र पडद्याबाहेर सांडतं.

हरवलेल्या जर्मन चौथ्या रिळात नेमका कथेचा कणा होता. 14 जुलै 1865 ला व्हिंपरच्या सात जणांच्या तुकडीने मॅटरहॉर्न सर केला आणि उतरताना दोर तुटून चौघे गेले. तुटलेला दोर बरोबर आणलेल्यांपैकी सर्वांत कमकुवत होता. तो आज झेरमॅटच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात दोर कापल्याचा संशय वाटाड्या थोरल्या टाउगवाल्डरवर आला होता. चित्रपटाने तो व्हिंपरवर घेतला आणि त्याला निर्दोष ठरवणारं दोराचं टोक आणायला कॅरेलला पुन्हा पर्वतावर पाठवलं. दोर तुटला की कापला हे त्याच्या टोकावरून कळतं: कापलेल्या दोराचे पदर सारख्या लांबीचे, तुटलेल्याचे कमी-जास्त आणि पिंजलेले.

ते रीळ नसताना खेळ करणं मला मान्य नव्हतं. पुरवणाऱ्या संस्थेला दोन्ही व्हिंपरच्या फ्रेमचे फोटो पाठवले, ध्वनिपट्ट्यांचेही. इंग्रजी आवृत्तीच्या डब्यात जर्मन चौथं रीळ सापडलं. खेळ पुढे ढकलला. आलेलं रीळ पुन्हा पहिल्यापासून तपासलं: शेवटच्या भागात एक टेपचा जोड सैल होता, तो काढून नवा घातला. ध्वनी चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे छापलेला असतो, त्यामुळे जोडावर चित्र उडतं एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. म्हणून एकही फ्रेम न कापता जोडला. स्थितीपत्रकावर रिळाची लांबी, जोडांची संख्या आणि "व्हिंपर: डिरमोझर" असं लिहून डबा बंद केला.